मापाचं डोकं

माझ्या नणंदेला कारखान्यात सगळे 'मापाचं डोकं' म्हणायचे, आणि त्यांना त्याचा कोण अभिमान. मी त्यांना ताई म्हणते, अहो-जाहो करते, कारण तशी पद्धत आहे आणि पद्धत मोडून माझं काही भलं व्हायचं नाही. पण हे सांगताना मी गोड बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिनेच त्याला सात आठवडे मोडक्या हाडाने गप्प निजवलं. दोन्ही वेळा मनात मायाच होती म्हणे. माया होती म्हणून मी काय त्यांची पाठ थोपटू?

सासूबाई गेल्या तेव्हा माझा नवरा नऊ वर्षांचा होता आणि ताई एकोणीसच्या. सासरे रात्रपाळीचे, दिवसा झोपायचे. पोराला उठवणं, शाळेत पोचवणं, त्याच्या खोड्यांबद्दल मास्तरांची बोलणी खाणं, सगळं ताईंनी केलं. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायच्या, "एक पोर आहे माझ्या पदरात, चालेल?" समोरचा हसायचा आणि निघून जायचा. ते पोर पुढे सहा फूट झालं, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलं, तरी ताई त्याला 'छोट्या'च म्हणायच्या. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "त्याला दुखलं-खुपलं सांगायची सवय नाही बरं का. आपणच विचारायचं असतं." मी म्हटलं, विचारेन. नवीन होते, मान हलवत होते.

ताईंनी आधी बल्बच्या कारखान्यात काम केलं, मग घड्याळांच्या, आणि चाळिशी उलटल्यावर या पट्ट्यांच्या. हे पट्टे डोक्याला बांधायचे असतात. ज्याचं अंग लुळं पडलंय, जीभ वळत नाही, पण कान आणि समज शाबूत आहे, त्याच्यासाठी. पट्ट्याच्या आतून स्पंजाच्या पाच चकत्या असतात. त्या मिठाच्या पाण्यात भिजवून कपाळावर आणि कानांच्या वर दाबून बसवायच्या, मग डोक्यात जी बारीकशी वीज खेळते ती त्या टिपतात. आपण प्रश्न विचारायचा. उत्तर होय असेल तर आजाऱ्याने मनातल्या मनात उजवी मूठ आवळायची. हात हलायला नको, नुसता विचार पुरतो. पट्ट्याने तो विचार पकडला की उशाशी ठेवलेली डबी गोड बायकी आवाजात 'होय' म्हणते. सहा सेकंदांत काही पकडता आलं नाही, तर तीच डबी तितक्याच गोड आवाजात 'नाही' म्हणते. तिसरं उत्तर तिच्याकडे नाही. 'कळलं नाही' म्हणायची सोय पहिल्या वर्षी होती, पण गिऱ्हाइकं वैतागली. उत्तरासाठी पट्टा घ्यायचा आणि त्याने कळलं नाही म्हणायचं, म्हणजे काय! म्हणून काढून टाकली.

चाचणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. चार टेबलं, चार बायका, प्रत्येकीपुढे एक पडदा आणि मिठाच्या पाण्याचा वाडगा. तयार झालेला प्रत्येक पट्टा कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर चढायचा. पडद्यावर हिरवा ठिपका आला की मनात मूठ आवळायची, लाल आला की मन मोकळं सोडायचं. दहातले आठ बरोबर आले की पट्टा पास, आणि आतल्या बाजूला त्या बाईच्या नंबराचा स्टिकर. दिवसाला एकीने पन्नास पट्टे करायचे. सकाळी ठीक असायचं. दुपारनंतर मात्र न हलणारी मूठ आवळून आवळून बाकीच्या तिघींची डोकी बधिर व्हायची, पट्टे नापास व्हायला लागायचे आणि नापासांची टोपली ताईंच्या टेबलावर यायची.

ताईंच्या डोक्यावर चढला की पट्टा पास. तीन डोक्यांवर आपटलेला पट्टाही ताईंकडे दहापैकी दहा काढायचा. चाचणीचा साहेब चहाचा कप घेऊन मागे उभा राहायचा आणि म्हणायचा, "डोकं असावं तर असं." स्पंज नीट बसावेत म्हणून ताईंनी केस पार बारीक कापून घेतले होते. कपाळावर पट्ट्याची लाल रेघ कायमची उमटली होती. टोपी घालून आल्या की मी मनात म्हणायची, आल्या शिपाईबाई. पण त्यांना त्या रेघेचंही कौतुक होतं. आठ वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही की पट्टा तिघींच्या डोक्यावर चालत नाही आणि चौथीच्या चालतो, तर दोष डोक्यांत आहे की पट्ट्यात? कारखान्याने ठरवून टाकलं, डोक्यांत.

मग माझा नवरा पडला. लिफ्टवरून नाही, स्वतःच्या न्हाणीघरात, दाढी करता करता. मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली असं डॉक्टर म्हणाले. मानेखाली काही हलेना, जीभ हलेना, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बुबुळं आपापली फिरणारी. खूण करायलाही काही उरलं नाही. जबडा सैल, तोंड जरासं उघडं. "पण ऐकू येतं, कळतं, आणि दुखतंसुद्धा," डॉक्टर म्हणाले, "तेवढं लक्षात ठेवा."

पाच महिन्यांनी ताई पट्टा घेऊन आल्या. कामगाराला घरच्या माणसासाठी एक पट्टा मिळायचा. त्यांनी शंभरातून निवडून, तीनदा तपासून, फडक्यात गुंडाळून आणला होता. स्वतः स्पंज भिजवले, स्वतः बांधला, त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "छोट्या, मी आलेय. ओळखलंस?" डबी म्हणाली, "होय." ताई पलंगाच्या कठड्याला धरून रडायला लागल्या, मी त्यांना धरून रडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच कारणासाठी रडलो. त्याच क्षणी त्याने मोठी जांभई दिली होती, ती आम्ही दोघींनीही पाहिली. माणसाला ओळख पटली, बरं वाटलं, जांभई आली, असं आम्ही समजलो. रडणाऱ्या बायकांची अक्कल तेवढीच.

वर्षभर आमचं घर त्या डबीवर चाललं. तहान लागलीय? नाही. कूस बदलू? नाही. रेडिओ लावू? नाही. पांघरूण नको? नाही. मी शेजारणीला कौतुकाने सांगायची, माझा नवरा आजारपणातही शहाण्यासारखा वागतो, कशाची म्हणून मागणी नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला चार-दोन होय यायचे, म्हणून महत्त्वाचे प्रश्न आम्ही दुपारीच विचारायचो. दुपारी त्याचा मूड बरा असतो, असं ताई म्हणायच्या. दुपारी त्याला जांभया यायच्या, एवढंच होतं ते.

आठवड्यातून तीनदा व्यायाम करवणारी बाई यायची. चांगली होती, आता तिलाही शिव्या घालणं सोपं आहे, पण चांगलीच होती. उजवा हात कोपराशी धरून हळूहळू डोक्याच्या वर न्यायची, कारण न हलवलेला सांधा गोठतो. प्रत्येक वेळी विचारायची, "दुखतंय का?" सहा सेकंद थांबायची. "नाही." मग ती आणखी चार बोटं वर न्यायची. अंथरुणाला खिळलेल्याची हाडं ठिसूळ होतात हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच विचारायची. मनगट धरायला मी असायची. एक दिवस त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले. मी ते टॉवेलने टिपले आणि म्हटलं, "वा, व्यायामाने घाम यायला लागला, अंगात जीव येतोय." हे माझं वाक्य आहे. ताईंचं नाही, त्या बाईचं नाही. मी हे विसरत नाही, आणि विसरत नाही म्हणून मला कुणाचीच कीव येत नाही.

त्या घामानंतर सात आठवड्यांनी दंड निळा-जांभळा दिसायला लागला. फोटो काढला तर खांद्याजवळ हाडाला आडवी चीर. एक जुनी, भरून यायच्या बेताला आलेली, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा उकललेली. डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरून विचारलं, "याने कधी तक्रार केली नाही?" मी म्हटलं, "आम्ही रोज विचारतो. पट्टा आहे आमच्याकडे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो माझ्या नवऱ्याने आठवड्यातून तीनदा खाल्ला, आणि तोंड आम्ही दाबलं होतं.

ताईंना बोलावून घेतलं. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. निम्मं तरी त्यांना लागू नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिला, आणि मग मान ताठ करून म्हणाल्या, "पट्ट्यात दोष नाही. माझ्या हातून गेलाय तो." पट्टा त्याच्या डोक्यावरून काढला, टोपी बाजूला ठेवली, स्वतःच्या डोक्याला बांधला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसल्या. "विचार. दहा वेळा विचार. मी दहाही वेळा होय म्हणते."

मी विचारत गेले. तुमचं वय पन्नास आहे? होय. तुम्ही चाचणी करता? होय. हा तुमचा भाऊ आहे? होय. दहापैकी दहा. "बघ," त्या म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" पण मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते आणि रागाने त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. प्रत्येक होयच्या आधी कानापुढे, जबडा जिथे वळतो तिथे, त्यांची कातडी टप्पकन उडत होती.

"ताई, तुम्ही दात दाबताय."

"काहीतरीच काय."

मी उठून त्यांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि म्हटलं, "आता म्हणा." बोटांखाली टणक गाठ आली, डबी म्हणाली, "होय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते. मी म्हटलं, "तोंड उघडं ठेवा. छोट्यासारखं." त्यांनी तोंड उघडं ठेवलं, खालचा जबडा सैल सोडला. मी विचारलं, तुमचं वय पन्नास आहे? नाही. तुम्ही चाचणी करता? नाही. हा तुमचा भाऊ आहे? सहा सेकंद. नाही. दहाही प्रश्नांना नाही. शेवटी शेवटी त्या उघड्या तोंडाने रडत होत्या, लाळ हनुवटीवर आली होती, पण तोंड मिटलं नाही. पलंगावर तो ऐकत होता.

मग हळूहळू आठवलं त्यांना. पहिल्या वर्षी दुपारी डोकं चालेना, तेव्हा साहेबच मागून म्हणाला होता, "दाढा जरा दाबा बाई, रेघ लगेच उडते." दाढा दाबल्या की जबड्याच्या स्नायूत जी वीज उठते ती विचाराच्या शंभरपट मोठी. तिच्यापुढे मुका पट्टासुद्धा होय म्हणतो. चारही बायकांनी थोडे दिवस तसं केलं. बाकीच्या तिघींची डोकी दुखायला लागली म्हणून त्यांनी सोडलं. ताईंना सवय लागली. सवय इतकी मुरली की त्या मनात मूठ आवळतायत असं त्यांना वाटायचं, आणि आवळत असायच्या दाढा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंबलायचं कुणाच्या नावाने? आणि कारखान्यातला सर्वांत निकामी माल आठ वर्षं टोपलीतून ह्यांच्याच टेबलावर येत होता.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्या, पास होऊन खोक्यात भरलेले चाळीस पट्टे परत मागवले, दाढा मिटू नयेत म्हणून पुढच्या दातांमध्ये पेन्सिल आडवी धरली आणि साहेबासमोर एकेक बांधायला सुरुवात केली. अकरा चालले. एकोणतीस मुके. साहेबाचा चहा गार झाला. म्हणाला, "तोंड उघडं ठेवून चाचणी करायची, असं कागदात कुठे लिहिलंय?"

"वापरणाऱ्यांची तोंडं उघडी असतात, साहेब. माझा भाऊ आहे तसा."

"तुमच्या भावाचं वाईट वाटतं. पण स्टिकर तुमच्या नंबराचे आहेत. कागदात विचार करा असं लिहिलंय. दात दाबा असं नाही लिहिलेलं. तुम्ही दाबलेत."

त्या अकरांतला सर्वांत चांगला त्यांनी पिशवीत घातला आणि घरी आणला. त्या दिवशी मी त्याला तो बांधला, त्याच्या जबड्याखाली तळहात धरला, म्हणजे जांभई आली तर मला कळेल, आणि विचारलं, "खांदा दुखतोय का?" एक, दोन, तीन मोजले. "होय." पुन्हा विचारलं. होय. तिसऱ्यांदा विचारलं. होय. "खूप दुखतोय?" होय. "पहिल्यापासून दुखत होता?" होय. मग मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. ताईंनी आत त्याचा हात धरला होता, डावा.

पंधरा दिवसांनी ताईंना घरी बसायचं पत्र मिळालं. चाचणीत वैयक्तिक निष्काळजीपणा. त्यांच्या टेबलावर एक नवी मुलगी बसवली आणि भिंतीवर कागद लावला, 'चाचणीच्या वेळी जबडा सैल ठेवावा.' आधीचे पट्टे ज्यांच्या डोक्यावर आहेत त्यांना कुणी काही कळवलं नाही. कळवलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल ना. त्या बाबतीत सगळे साहेब शहाणे असतात.

ताईंना गिऱ्हाइकांचे पत्ते ठाऊक नव्हते. एकच ठिकाण आठवत होतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या एका वॉर्डाने सहा पट्टे घेतले होते आणि आभाराचं पत्र पाठवलं होतं, ते साहेबाने चाचणीच्या खोलीत टांगलं होतं. मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर, मला एकटीला बोलता यायचं नाही." मी गेले. त्यांच्यासाठी नाही, बघायला गेले.

लांबट, स्वच्छ वॉर्ड होता. सहा पलंग, सहा उघडी तोंडं, सहा पट्टे. वॉर्डची मुख्य नर्स उत्साही बाई. ताईंनी अडखळत सगळं सांगितलं, दाढा, टोपली, पेन्सिल. नर्सने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अहो, आमच्याकडे काही त्रास नाही. पट्टे आल्यापासून वॉर्ड किती शांत झालाय. पूर्वी आम्ही अंदाजाने दुखणं थांबवायची औषधं द्यायचो. आता रोज सकाळी प्रत्येकाला विचारतो. कुणालाच दुखत नाही. औषधं जवळजवळ बंद केली."

ताईंनी कोपऱ्यातल्या पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पट्टा अर्धा सरकवून आत पाहिलं. त्यांचा नंबर. दुसऱ्याच्या पट्ट्यातही त्यांचाच. नर्स म्हणाली, "बाई, पेशंटला हात लावू नका." ताई म्हणाल्या, "एकदा याला दुसरा पट्टा लावून विचारा." नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना कामावरून काढलंय ना? पत्र आलंय आम्हाला." तेवढं पत्र कारखान्याने वेळेवर पाठवलं होतं. पहारेकऱ्याने आम्हाला दारापर्यंत आणून सोडलं. बसमध्ये मी ताईंना बरं वाटेल असं काही बोलले नाही.

त्यानंतर ताई दर रविवारी यायला लागल्या. त्याचे पाय चोळायच्या, नखं काढायच्या, पट्टा भिजवून बांधायच्या. चांगला पट्टा असला तरी तो लवकर थकतो हे तोवर आम्हाला कळलं होतं. मनात मूठ आवळणं हे धडधाकट माणसाला जड जातं, त्याला तर फारच. चार प्रश्नांच्या पुढे त्याच्याच्याने होत नाही, मग डबी नुसती नाही, नाही करत बसते. म्हणून आम्ही मोजून विचारायचो. एका रविवारी माझे आधीच चार प्रश्न विचारून झाले होते. खांदा, तहान, उशी, खिडकी. ताई त्या वेळी आत पाणी गरम करत होत्या, त्यांना ते ठाऊक नव्हतं. बाहेर आल्या, पदराला हात पुसले, त्याच्या कानाशी वाकल्या. आवाज असा की मला मुश्किलीने ऐकू आला.

"छोट्या, मला माफ केलंस का रे?"

सहा सेकंद बरेच असतात. मी भिंतीकडे बघत होते. डबी म्हणाली, "नाही."

ताई वाकलेल्याच राहिल्या. नाही म्हणजे नाही असेल किंवा काहीच नसेल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "थकला असेल का गं? आधी काही विचारलं होतंस?"

मला उत्तर द्यायला सहा सेकंदही लागले नाहीत. मी म्हटलं, "नाही, काहीच विचारलं नव्हतं. आणि पट्टा तर चांगला आहे ना, तुम्हीच तपासलाय."

त्यांनी टोपी घातली आणि गेल्या. पाणी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो ताजा असताना, मी पट्टा बांधला. जबड्याखाली हात धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताईंना माफ केलंस?" होय. मला वाटलं चुकून आलं असेल. पुन्हा विचारलं. होय. माझा हात त्याच्या हनुवटीखाली होता, जबडा सैल होता, जांभई नव्हती, काही नव्हतं. मी विचारलं, "मी त्यांना हे सांगू?" होय. मग चौथा प्रश्न मला सुचला होता, तो माझ्याबद्दल होता. तो मी विचारला नाही. पट्टा सोडून खुंटीला लावला.

याला पाच महिने झाले. माझा राग निवलेला नाही, आणि तो कुणावर आहे हे मला विचारू नका. ताई अजून दर रविवारी येतात. त्याला दुखतंय का, तहान लागलीय का, सगळं विचारतात, आणि तो एक प्रश्न सोडून उठतात. तो ऐकत असतो. आपल्याला काय सांगायचंय ते त्याला आपणहून सांगता येत नाही, कुणी विचारलं तर उत्तर देता येतं, एवढंच. निघताना ताई दारात चप्पल घालता घालता थांबतात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, "आठवड्यात माझ्याबद्दल काही म्हणाला का गं?"

मी "नाही" म्हणते.